बेस वाजवणाऱ्या भाचीला

चि. चिऊ,



तुझा मेसेज वाचला. गॅदरिंगचा व्हिडिओही पाहिला. 'मामा, यात मी कुठेच ऐकू येत नाही. सगळे गायिकेच्या गाण्याचं आणि लीड गिटारचं बोलतात. मी नसते तरी चाललं असतं. सोडून देते बँड.' याचं उत्तर फोनवर पाच मिनिटांत देण्यासारखं नाही. शिवाय ते तुझ्या एकटीपुरतंही नाही. तुझ्या बँडमधल्या बाकी चौघांनी ते वाचावं, आणि कॉलेजांत, कॉलनीच्या गणपतीत, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत उभं राहून वाजवणाऱ्या पोरापोरींनीही वाचावं, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

आधी त्या व्हिडिओचं. तुझ्या बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण 41 कंपनं होतात. गिटारच्या जाड तारेची त्याच्या दुप्पट, 82. मोबाइलचा स्पीकर एवढासा. इतक्या खालचा मूळ नाद त्याला काढताच येत नाही. म्हणजे तू वाजवलेलं व्हिडिओत आहे, फोन ते गाळतो. मी चांगले हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. दुसऱ्या अंतऱ्यात तू एकाच स्वरावर टिकून राहिलीस आणि मुखड्याकडे येताना खालून एकेक स्वर चढत आलीस. गाणं तिथे उचललं गेलं. गायिकेने वरचा सूर लावला तो त्याच क्षणी, आणि टाळ्या तिला पडल्या. तो सूर लावताना पायाखाली काय होतं, हे तिला कधी कुणी सांगितलंय का? आणि तिच्या गळ्यावर त्या वेळी किती भार होता, हे तुला कुणी सांगितलंय का? मला वाटतं, तुमच्या बँडमध्ये ही दोन वाक्यं अजून कुणी बोललेलंच नाही. तुझं दुखणं तिथे आहे. फोनच्या स्पीकरमध्ये नाही.

मी ऑर्केस्ट्रात साइड रिदमला होतो हे तुला माहीत आहे. साइड रिदमवाला नेमकं करतो काय, हे मात्र घरात कुणी कधी विचारलं नाही. खंजिरी, मराका, घुंगरू, ट्रँगल, कबासा असा सगळा संसार एका टेबलावर मांडून मी ढोलकवाल्याच्या शेजारी उभा असे. काही गाण्यांत मुखडाभर हात बांधून थांबायचं आणि अंतरा सुरू झाला की खंजिरी घ्यायची. काहींत अख्ख्या गाण्याला ट्रँगलचे मोजके ठोके. ते जागेवर पडले पाहिजेत, आणि त्यासाठी बाकीचा सगळा वेळ न वाजवता मात्रा मोजत राहायचं. आमच्यासारख्यांचे दैवत अमृतराव काटकर. पंचमदांच्या, म्हणजे संगीतकार आर. डी. बर्मन यांच्या, कितीतरी गाण्यांत काडीने घासून वाजवायच्या रेसो रेसोचा तो खरखरीत आवाज त्यांचा. ऐकणाऱ्याचं लक्ष त्याच्याकडे जात नाही. तो काढून टाकला तर मात्र गाण्याची सगळी ऐट उतरते. पंचमदांना ते कळत होतं. त्यांच्या चित्रपटांच्या नामावलीत सहायक म्हणून बासू, मनोहारी, मारुती अशी तीन नावं येत. बासुदेव चक्रवर्ती चेलोचे, मनोहारी सिंग सॅक्सोफोनचे, मारुतीराव कीर तालाचे. त्याआधी शंकर-जयकिशन यांच्याकडे तालाची बाजू दत्ताराम वाडकरांकडे असायची आणि वाद्यवृंदाची मांडणी सॅबेस्टियन डिसोझांकडे. दोघेही गोव्याचे. दत्तारामांचा एक ठेका वाजवणाऱ्यांमध्ये आजही 'दत्ताराम ठेका' याच नावाने ओळखला जातो. पडद्यावर नाव मोठं कुणाचं याला महत्त्व आहेच, मी नाही म्हणत नाही. पण वाजवणाऱ्यांच्या जगात एखादा ठेका तुमच्या नावाने मागितला जातो, हा मान मला फार मोठा वाटतो.

आता तुमच्याच आवडीच्या बँडकडे येतो. तुम्ही क्वीनची गाणी करता. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, हे तुम्ही कौतुकाने सगळ्यांना सांगता. त्या शाळेत पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता. फ्रेडी, म्हणजे तेव्हाचा फारुख बलसारा, त्यात पियानो वाजवायचा. मुख्य गायक दुसराच एक मुलगा होता, फारुख मागून साथीला गायचा. पुढे ज्याने सबंध वेम्ब्ली आपल्या आवाजावर डोलवलं, तो पोरवयात दुसऱ्याच्या गाण्याखाली पियानो धरून बसला होता. मला यात योगायोग वाटत नाही. मागे बसून वाजवलेला माणूस पुढे उभा राहिला की त्याला मागच्यांची गरज कळते.

क्वीनमध्ये सगळ्यात शेवटी आला तो जॉन डीकन, 1971 मध्ये. वय 19. त्याच्याआधी बेसवाले येऊन गेले होते, कुणी टिकलं नव्हतं. डीकन अबोल. इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी. स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणात तो गायलाच नाही, कारण आपला गळा बाकी तिघांच्या पंगतीला बसणारा नाही हे त्याला माहीत होतं. ती पंगत कशी होती पाहा. 1975 च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'मध्ये मधला जो ऑपेरासारखा भाग आहे, त्यात माणसांचा मोठा जमाव गातोय असं वाटतं. प्रत्यक्षात तीनच गळे आहेत, पुन्हा पुन्हा एकावर एक मुद्रित केलेले. मधला पट्टा फ्रेडीचा, खालचा गिटारवाल्या ब्रायन मेचा, आणि ते कानात घुसणारे अतिउंच सूर ड्रमर रॉजर टेलरचे. सगळ्यात वरचा आवाज ड्रमरचा! आणि एवढ्या आवाजांच्या गर्दीत डीकन गप्प. त्याला कमी वाटलं असेल का? मला ठाऊक नाही. त्याने काय केलं ते ठाऊक आहे.

रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या पेटीत त्याला एक सर्किटची पाटी सापडली. ती घरी आणून त्याने नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर बनवला. ब्रायन मेने आपल्या गिटारमधून जुन्या जॅझ बँडचे, सनई-तुतारीच्या जातीच्या वाद्यांचे भास उभे केले, ते याच डब्यातून. तो अ‍ॅम्प आजही डीकनच्या नावाने 'डीकी अ‍ॅम्प' म्हणून ओळखला जातो. 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' हे गाणं डीकनने लिहिलं, तेव्हा त्याला त्यात इलेक्ट्रिक पियानो हवा होता. फ्रेडीला त्या वाद्याचा तिटकारा. तो ते वाजवायला तयार होईना. डीकनने भांडण काढलं नाही. वाद्य घरी नेलं, शिकला आणि स्वतः वाजवलं. पुढे 1980 मध्ये 'अनदर वन बाइट्स द डस्ट' आलं. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं हे गाणं बेसवाल्याने लिहिलेलं आणि बेसवरच उभं असलेलं. ते नीट ऐक. रॉजर टेलरला असल्या नाचाच्या ढंगाच्या गाण्याची आवड नव्हती. तरी त्याने ड्रममध्ये ब्लँकेटं कोंबून आपला दणदणाट मुद्दाम दाबला, कोरडा केला. एरवी गाणं व्यापून टाकणारी ब्रायनची गिटार इथे तुकड्यातुकड्याने येते. फ्रेडीने ते गाणं स्वतःचं असल्यासारखं जीव तोडून गायलं. तिघांनी आपापली जागा आखडली, म्हणून चौथ्याचं काम जगाला ऐकू आलं. आणि हेच लोक 'वी विल रॉक यू' करताना ड्रम सेट, बेस बाजूला ठेवून नुसते पाय आपटत आणि टाळ्या वाजवत उभे राहिले, कारण ब्रायनच्या त्या गाण्याला तेवढंच हवं होतं. गिटार येते ती अगदी शेवटी.

हे सगळं गोडीगुलाबीने झालं असं समजू नकोस. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला रॉजरचं गाणं होतं. लोकांनी रेकॉर्ड घेतली ती पुढच्या गाण्यासाठी, पण रॉयल्टी दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखीच. त्यावरून पुष्कळ धुसफूस झाली. कुणाचं गाणं अल्बमवर घ्यायचं, कुणाचं अशा दोन गाण्यांच्या रेकॉर्डवर, याच्या मागे पैसा आणि नाव होतं. अखेर 1989 च्या 'द मिरॅकल' या अल्बमपासून त्यांनी सगळ्या गाण्यांवर एकच नाव घातलं, क्वीन. त्यानंतर गाणं कुणाचं हे बाजूला पडलं आणि गाणं चांगलं आहे का, एवढंच बोलणं उरलं. तुम्ही पोरं आता स्वतःची गाणी करायला लागलात. चाल कुणाची, शब्द कुणाचे, बिदागी कशी वाटायची, हे पहिलं गाणं नावारूपाला येण्याआधी बसून ठरवा. दोस्तीत हिशेब कसला, असं म्हणणाऱ्यांचे बँड मी फुटताना पाहिले आहेत. हिशेब लिहून ठेवणाऱ्यांचेही फुटले, पण कमी.

आणि आता ती गोष्ट, जी सांगण्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं.

1968 चा ऑगस्ट. बीटल्स लंडनमध्ये नव्या अल्बमचं काम करत होते. ड्रमर रिंगो स्टारला वाटायला लागलं की आपण नीट वाजवत नाही, आणि हे तिघे एकमेकांचे घट्ट, आपण तेवढे उपरे. तो जॉन लेननकडे गेला आणि हे सांगून टाकलं. जॉन म्हणाला, मला तर वाटत होतं की तुम्ही तिघे घट्ट आहात आणि मीच उपरा आहे. मग तो पॉल मॅकार्टनीच्या दारात गेला. तेच सांगितलं, आणि तेच ऐकलं. जॉर्ज हॅरिसनकडे जाण्यात आता अर्थ नाही, असं म्हणून रिंगो कुटुंबाला घेऊन सरळ सार्डिनियाला निघून गेला. हा प्रसंग पुढे रिंगोनेच सांगितला आहे. जगातला सगळ्यात गाजलेला बँड, आणि त्यातल्या ज्याला विचारावं त्याला वाटतंय की आपण बाहेरचे आहोत!

तो नसताना काम थांबलं नाही. 'बॅक इन द यूएसएसआर' या गाण्यात मुख्यतः पॉलनेच ड्रम वाजवले. पॉल काय, काहीही वाजवू शकायचा. गाणं झालं, गाजलं. म्हणजे तू म्हणतेस तसं, तो नसला तरी चाललं. पण त्या तिघांनी रिंगोला तार केली, तुझ्यासारखा ड्रमर नाही, परत ये, अशा अर्थाची. दोनेक आठवड्यांनी तो परतला तेव्हा स्टुडिओत त्याचा ड्रम सेट फुलांनी सजवलेला होता. ते शब्द तार करून सांगावे लागले, कारण इतकी वर्षं समोरासमोर बसून कुणी म्हटले नव्हते. त्याच बँडमध्ये पुढच्या जानेवारीत जॉर्ज उठून गेला. गिटारवर काय वाजवायचं ते पॉल सारखं सांगतोय, हे त्याला सहन होईना. दुसऱ्याचं काम आपल्याला येतं, म्हणून ते त्याच्या हातून काढून घ्यायचं नसतं, हे पॉलसारख्या अफाट गुणी माणसालाही जड गेलं. थोड्याच दिवसांत तो परतला, आणि बिली प्रेस्टन हा बाहेरचा की-बोर्डवाला त्यांच्यासोबत बसला आणि सगळे एकदम नीट वागायला लागले. पाहुणा घरात आला की भावंडं भांडण मिटवतात ना, तसे. 'गेट बॅक'च्या रेकॉर्डवर बीटल्सच्या नावाशेजारी बिली प्रेस्टनचंही नाव छापलं गेलं.

आणखी एक. पॉलला बेस हवा होता असं नाही. आधीचा बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ 1961 मध्ये हॅम्बर्गला राहिला, बेस घ्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून तो पॉलच्या गळ्यात पडला. पुढे त्याने त्या वाद्याचं काय केलं ते तू माझ्याहून जास्त ऐकलं आहेस. त्याला ज्याच्या वाजवण्याने वेड लावलं तो डेट्रॉइटचा जेम्स जेमरसन. मोटाउन कंपनीच्या गाण्यांत त्याचा बेस जगभर वाजला, पण बराच काळ रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचं नाव नसे. 1971 च्या मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर ते छापलं गेलं. हा अन्यायच होता, आणि त्याला अन्यायच म्हणायला हवं. मागे वाजवणाऱ्याने नावाची अपेक्षा धरू नये, असलं काही मी तुला सांगणार नाही. नाव हवंच. गॅदरिंगच्या स्टेजवर निवेदकाने तुमची ओळख करून देताना गायिका आणि लीड गिटारवाल्याचं नाव घेतलं आणि 'इतर साथीदार' म्हणून तुम्हा तिघांना गुंडाळलं. ते चूक होतं. पुढच्या वेळी पाच नावं कागदावर लिहून त्याच्या हातात द्या.

पण चिऊ, तू गायिकेवर जरा अन्याय करतेस. तुझा एखादा स्वर चुकला तर तुझ्याशिवाय दोघांना कळेल. तिचा सूर फाटला तर सभागृहात शेवटच्या रांगेला कळतो, आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्येही. सर्दी झाली, झोप झाली नाही, मॉनिटरमधून स्वतःचा आवाज ऐकू आला नाही, तरी तिला त्याच वेळी, त्याच पट्टीत गायचं असतं. आपल्याकडे शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात ते कशासाठी? शाहीर दम घेतो तेवढ्यात ते झील उचलतात, त्याला श्वास मिळतो, पुढच्या ओळीचा विचार करायला क्षण मिळतो. तुमच्या गायिकेच्या मागे कोण आहे? तुमच्यापैकी कुणी ध्रुवपदाला साथीला गात नाही. हे तिनं तुम्हाला मागायला हवं होतं, आणि तुम्ही न मागता द्यायला हवं होतं.

तसंच की-बोर्डवाल्याचं. त्याचा डावा हात सारखा खालच्या सप्तकात आहे. तुझ्याच जागेवर. म्हणून तिथे सगळा गढूळ गोंगाट होतो आणि तू असतेस तीही पुसली जातेस. मुलगा एकटा बसून सराव करणारा दिसतो. एकट्याला डाव्या हाताने बेस धरावाच लागतो. त्याला कुणी सांगितलंच नसेल की आता ते काम दुसऱ्याकडे आहे. सांग. लीड गिटारवाला आवाज वाढवतो, म्हणून ड्रमर जोरात मारतो, म्हणून तूही व्हॉल्यूम वाढवतेस. या चढाओढीत साउंडवाल्याचं काही चालत नाही. त्या साउंडवाल्यालाही आपलाच समजा. साउंड चेकला दहा मिनिटं उशिरा येऊन नंतर त्याला बोल लावू नका. आणि ड्रमर. बेस आणि ड्रमच्या किकचं लग्न लागलं की बाकीचे काहीही करोत, गाणं उभं राहतं. तुमचं ते अजून लागलेलं नाही. तू किंचित पुढे पळतेस, तो किंचित मागे रेंगाळतो. दोघंच बसून तासभर नुसता एक ठेका घोटा. गाणं नको, मेट्रोनोम लावा आणि एकमेकांच्या हाताकडे बघा.

एवढं करूनही त्यांनी तुझं ऐकलं नाही, नाव घेतलं नाही, तुझ्या जागेवर चढून वाजवत राहिले, तर जरूर सोड. वाद्य तुझं आहे, दुसरे वाजवणारे भेटतील. चौघांना काही न सांगता सोडशील, तर मात्र ते मला पटणार नाही.

शनिवारी रिहर्सल आहे म्हणालीस. गॅदरिंगचंच गाणं पाच वेळा वाजवा, दर वेळी एकाने गप्प बसून नुसतं ऐकायचं. गायिकेनेही, आणि तूही. प्रत्येकाने आपण नसताना गाण्याचं काय झालं हे सांगायचं नाही; बाकीच्या चौघांनी त्याला सांगायचं. मग एकत्र वाजवा, ते रेकॉर्ड करून मला पाठव, आणि सोडायचं की नाही ते त्यानंतर ठरव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा